फ्रोझन शोल्डरसाठी फिजिओ आणि सोबत कपिंग : चार महिन्यांचा माझा अनुभव (राजारामपुरी, कोल्हापूर)

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते शेवटी सांगते.

मी खानावळ चालवते, रोज साठ डबे जातात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे भाकरी. मदतीला दोघी आहेत पण भाकरी थापायचं काम माझंच, त्यामुळे उजवा हात बंद म्हणजे माझं सगळंच बंद, हे आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. वय ४९, शुगर सहा वर्षांपासून.

दिवाळीनंतर उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं परात उचलताना चमक भरली असेल. मग केस विंचरता येईनात, ब्लाऊजचा मागचा हुक लावता येईना, फळीवरची चटणीची बरणी काढायला पोरीला हाक मारावी लागायची, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जीव कळवळायचा, उठून बसायचे तीन-तीन वाजता. जाऊबाई म्हणाल्या उसण आहे, मग गल्लीतल्या एक मावशी पायाळू आहेत त्यांच्याकडून पाठीला पाय लावून घेतला, तेल झालं, विटेचा शेक झाला, सगळं झालं. शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले तर एक्स-रेत हाड स्वच्छ, म्हणाले फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं ते आखडतं, चाळिशी-पन्नाशीत बायकांना जास्त होतं, शुगर असेल तर अजून जास्त होतं आणि रेंगाळतं पण. गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात फिजिओथेरपी असं लिहून दिलं.

इथं माझी चूक झाली. फिजिओ म्हणजे रोज जाऊन हात वाकवून घेणं, एवढा वेळ कुणाला आहे असं वाटलं, आणि तेवढ्यात ओळखीतल्या एकीनं कपिंगचं, म्हणजे अंगाला पेले चिकटवून कातडी वर ओढतात त्याचं, सांगितलं, म्हणाली दहा सिटिंगमध्ये मोकळं. गेले. नाव घेत नाही, फिजिओ सेंटर नव्हतं, मसाज वगैरे करतात तसली जागा. दहाचं पॅकेज, पैसे आधी. शुगर आहे का, गोळ्या कसल्या चालू आहेत, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. काचेच्या पेल्यात स्पिरिटचा पेटता बोळा फिरवायचा आणि पेला पाठीवर उपडा घालायचा, आतली हवा गार होऊन आकसते आणि पेला चिकटतो. दुसऱ्या वेळी पेल्याची कड तापलेली होती. मला तेव्हा फार जाणवलं पण नाही, घरी आल्यावर पोरगी म्हणाली आई पाठीवर फोड आलाय. रुपयाएवढा फोड, तो फुटला, आणि शुगरमुळे भरायला तीन आठवडे गेले. परत जाऊन सांगितलं तर म्हणे शरीरातलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. उरलेल्या आठ सिटिंगचे पैसे बुडाले ते बुडाले, पण राग आला तो त्या वाक्याचा. दुखणाऱ्या माणसाला असलं काहीतरी सांगून पॅकेज खपवायचं आणि आपली तुंबडी भरायची, हे मला अजिबात पटत नाही.

तर आता हे सेंटर, ज्याचा हा रिव्ह्यू आहे. पुतण्या आमचा फुटबॉल खेळतो, पेठेतल्या तालमीच्या टीमकडून, शाहू स्टेडियमवर सीझन चालू असला की घरात दुसरा विषय नसतो. त्याची मांडीची मागची शीर ओढली गेली होती तेव्हा तो इथं यायचा. तो म्हणाला काकी तू चुकीच्या ठिकाणी गेलीस, कपिंग वाईट नाही, करणारं माणूस बघावं लागतं. मोबाईलवर फोटो दाखवला, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधला, पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर हे एवढे जांभळे गोल. मी म्हटलं मला पोहायचं नाही बाबा, भाकरी थापायच्यात. पण गेले.

मॅडम तरुण आहेत, एमपीटी (फिजिओतली मास्टर डिग्री) झालेल्या, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन भिंतीला लावलंय. पहिल्या दिवशी त्यांनी कपाला हात पण लावला नाही. पाऊण तास नुसतं विचारणं आणि मोजणं. प्लॅस्टिकचं कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक यंत्र असतं, दोन पट्ट्यांचं, ते खांद्याला लावून हात किती अंश उचलला जातो ते मोजतात. हात बाजूनं वर : ७०. कोपर कमरेला टेकवून हात बाहेर फिरवणं : १०. हात मागे पाठीवर : नुसता ढुंगणाच्या बाजूपर्यंत. हे सगळं कागदावर लिहिलं, तारीख टाकली. मग आरशासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, काकू हात वर करा आणि खांद्याकडे बघा. बघितलं तर हात जागचा हलत नव्हता आणि खांदाच कानाकडे चढत होता. म्हणाल्या सांधा आखडलाय म्हणून मानेपासून खांद्यापर्यंतचा हा स्नायू दिवसभर तुमचा हात ओढतोय, त्याचं काम नसताना, म्हणून तो दगड झालाय. तुमचं निम्मं दुखणं सांध्याचं आहे, निम्मं ह्याचं. इतके दिवस कुणी मला एवढं साधं सांगितलं नव्हतं.

कपिंगचं मीच विचारलं, आधीचा फोडाचा डाग दाखवला. त्यांनी मग शुगरचा रिपोर्ट मागितला (एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.१ होतं तेव्हा, ओरडल्या), रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कातडीचा काही आजार आहे का, पायाच्या शिरा फुगल्यात का, हे सगळं. डोळे मिटायला लावून पाठीवर कापूस फिरवला आणि कुठं लागतंय ते सांगायला लावलं. शुगर जुनी असली की काही जणांची जाणीव कमी होते, मग कप जास्त ओढला गेला किंवा भाजलं तरी पेशंटला कळत नाही, म्हणून. तेव्हा मला आधीच्या ठिकाणचा तो फोड का कळला नाही ते डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला.

इथं आगीचे कप वापरत नाहीत. प्लॅस्टिकचे जाड पारदर्शक कप असतात, वर एक झडप, त्याला पिस्तुलासारखा हातपंप लावून दोनदा तीनदा ओढायचं, टक टक असा आवाज येतो, आणि कातडी कपात वर चढताना दिसते, पुरी फुगावी तशी. मालिश करताना आपण मांस दाबतो ना, हे बरोबर त्याच्या उलट, वर खेचतात. पहिल्यांदा फक्त दोन पंप आणि तीन मिनिटं. आता चार कप लावतात, दोन मानेच्या बाजूला त्या दगड झालेल्या स्नायूवर आणि दोन पाठीच्या फऱ्याशेजारी, पाच ते सात मिनिटं. कधी तेल लावून एकच कप हळूहळू सरकवतात, ते जास्त दुखतं पण नंतर हलकं वाटतं. सिलिकॉनचे मऊ कप पण आहेत, ते लावून हात हलवायला लावतात.

आणि कप काढला की लगेच, म्हणजे पदर सावरायचा पण वेळ न देता, व्यायाम. हेच इथलं खरं काम आहे. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून द्यायचा, पुढे मागे, मग गोल. मग काठी दोन्ही हातात धरून चांगल्या हातानं आखडलेल्या हाताला बाहेर ढकलायचं. मग दारावरची कप्पी. मग मॅडम स्वतः हात धरून सांधा हळूहळू आत-बाहेर हलवतात, तेव्हा डोळ्यातून पाणी येतं, खोटं सांगत नाही. शेवटी भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगी चढते तसं, जिथपर्यंत जाईल तिथं थांबून दहा अंक मोजायचे. हे घरी पण दिवसातून तीनदा. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिते. पहिली रेघ माझ्या नाकाच्या खाली आहे.

डागांचं सांगते कारण सगळ्या बायका तेच विचारतात. पेल्याच्या बुडाएवढे गोल उमटतात, लालसर, दुसऱ्या दिवशी जांभळट, आठवड्याभरात पिवळे पडून जातात. मी विचारलं मॅडम हे घाण रक्त आहे का. त्या म्हणाल्या, "काकू घाण बिण काही नाही, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या ओढल्यामुळे फुटतात आणि थोडं रक्त तिथंच पसरतं, मुका मार लागल्यावर होतं तसंच. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडनी आहेत. डाग जास्त काळा म्हणजे आजार जास्त असं पण नसतं." फेब्रुवारीत भाचीच्या लग्नात मागून खोल गळ्याचा ब्लाऊज होता, तेव्हा मीच दोन आठवडे कप नको म्हटलं तर लगेच बरं म्हणाल्या, आग्रह नाही.

आता मुद्द्याचं. मी त्यांना सरळ विचारलं होतं, कपिंगनं माझा खांदा सुटणार का. सरळ उत्तर आलं, नाही. सांध्याचं आवरण आत खोल आहे, कप वरची कातडी आणि वरवरचा स्नायू ओढतो, त्यानं आखडलेलं आवरण सुटत नाही. मग म्हणाल्या यावर संशोधन झालंय पण बरंचसं छोटं छोटं, आणि एक मोठी अडचण अशी की गोळीच्या संशोधनात तुलनेसाठी खोटी गोळी देता येते तसा खोटा कप देणं अवघड, पेशंटला कळतंच. जर्मनीत तसा प्रयत्न केला होता, कपाला बारीक भोक पाडून, म्हणजे कप लागतो पण ओढ टिकत नाही. अंगभर दुखण्याचा जो फायब्रोमायल्जिया म्हणून आजार असतो त्याच्या पेशंटवर. २०१६ साली ते छापून आलं, तर कप लावलेल्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा बरं वाटलं, पण खरा कप आणि भोकाचा कप यात फरक नाही निघाला. मी म्हटलं मग तुम्ही कशाला लावता? तर म्हणाल्या, "तुमच्यासारख्या पेशंटना मान-खांद्याला एक-दोन दिवस हलकं वाटतं. तेवढ्या वेळात तुम्ही व्यायाम नीट करता. माझ्यासाठी कप एवढ्यासाठीच. ज्याला फरक पडत नाही त्याला मी दोन वेळा बघून बंद करते."

हे ऐकून दुसरं कुणी उठून गेलं असतं कदाचित, माझा उलट विश्वास बसला. आधीच्या ठिकाणी दहा सिटिंगमध्ये मोकळं, आणि इथं उपचार करणारंच माणूस सांगतंय की हा उपचार कुठपर्यंत आहे.

आणि माझ्या बाबतीत तसंच्या तसं निघालं, माझ्याकडे भिंतीवरच्या रेघाच आहेत की. जानेवारीत एक आठवडा असा गेला की दोनदा कपिंग केलं पण हळदी-कुंकवाच्या ऑर्डरी होत्या, तिळाच्या पोळ्या लाटून लाटून घरचा व्यायाम एकदा पण झाला नाही. मान हलकी वाटत होती, झोप लागत होती, मला वाटलं छान चाललंय. आठवड्यानं मोजलं तर हात पाच अंश खाली आलेला. मग लग्नाच्या आसपासचे दोन आठवडे कप नव्हतेच, फक्त व्यायाम आणि मॅडमचं हात हलवणं, तर रात्री दुखायचं जास्त, व्यायाम करताना रडायला यायचं, पण रेघ वर सरकली. मग परत कप चालू केले तर रेघ पण सरकते आणि त्रास पण कमी. एका माणसाचा अनुभव आहे, उद्या तुम्हाला असंच होईल असं मी म्हणत नाही, पण जे झालं ते हे.

आता हात बाजूनं १३० अंशापर्यंत जातो, बाहेर फिरवणं ४०. चटणीची बरणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझी मी काढली, दोन्ही हातांनी, आणि खाली ठेवून तिथंच पाटावर बसले थोडा वेळ. पोरीनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पाठीवरचे गोल बघून म्हणाल्या ही तर तुंबडी. त्यांच्या लहानपणी गावात वैदिणी यायच्या, शिंग नाहीतर तुंबडी लावायच्या, तोंडानं हवा ओढायच्या आणि कातडीला बारीक चिरा देऊन रक्त काढायच्या. आणि बेंबी सरकली की पोटावर पेटती वात ठेवून वर तांब्या उपडा घालायचा, तो चिकटून बसायचा, ते तर मी पण पाहिलंय माझ्या आजीकडं. बहिणीची मुलगी आयुर्वेदाला आहे, ती म्हणाली सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणात शृंग, अलाबू आणि जळवा असे प्रकार दिलेत, अलाबू म्हणजे भोपळाच, आपली तुंबडी. म्हणजे नाव तेवढं इंग्रजी आहे, वस्तू घरचीच. सासूबाई आता रोज विचारतात आज तुंबडीला जायचंय का.

पण रक्त काढायचं कपिंग, ज्याला हिजामा म्हणतात, ते वेगळं. ते इथं करत नाहीत, विचारू पण नका. त्यात ब्लेडनं चिरा देतात, त्यामुळे ब्लेड नवं, कप नवा, करणारा शिकलेला डॉक्टर, यात थोडी जरी हयगय झाली तर कावीळ बी-सी सारखं काहीतरी गळ्यात पडायचं. मला शुगर आहे, मी त्या वाटेला जाणार नाही.

घरी आणायच्या सेटचं पण लिहिते कारण ऑनलाईन खूप दिसतात. पुतण्यानं बाराचा सेट मागवला होता, हजाराच्या आत आला. आमच्या ह्यांनी उत्साहात माझ्या पाठीवर लावला आणि सात-आठ पंप ओढले आणि टीव्हीवर मॅच चालू होती त्यात वीस मिनिटं तसाच ठेवला. काळेनिळे डाग आणि बारीक पाण्याचे फोड. मॅडम चांगल्याच रागावल्या, ह्यांना बोलावून घेऊन सांगितलं. सेट आता माळ्यावर आहे. पाठीला आपला हात पोचत नाही, लावणाऱ्याला किती ओढायचं ते कळत नाही, शुगरवाल्यांनी तर घरी करूच नये. रक्त पातळ व्हायची गोळी घेणारे, गरोदर बाई, म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी झालेली कातडी, पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर, यांनी पण आधी आपल्या डॉक्टरला विचारावं.

आता तो कापलेला एक स्टार. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याचे पेशंट कठडा धरून एकेक पायरी चढताना बघवत नाही, फिजिओच्या ठिकाणी तरी हे नको. दोन टेबलांमध्ये नुसता पडदा आहे, पलीकडच्याचं सगळं ऐकू येतं, आणि बायकांना पाठ उघडी टाकून पालथं झोपायचं असतं तर निदान एक कोपरा पक्क्या पार्टिशनचा हवा, मी हे मॅडमना तोंडावर पण बोललेय. आणि फेब्रुवारीत एकदा असिस्टंट मुलीनं शेजारच्या टेबलावरचे कप नुसते टिश्यूनं पुसून माझ्याकडे आणले. मी थांबवलं. मॅडमनी तिथल्या तिथं बदलायला लावले, तेव्हापासून जंतुनाशकाच्या डब्यातूनच काढतात, मी बघते. तुम्ही पण बघा, लाजू नका.

खर्च माझा असा झाला : एका वेळचे ४००, कपिंग असेल तेव्हा १५० जास्त. पॅकेज नाही, ज्या दिवशी जाल त्या दिवशी द्या. आधी आठवड्यातून चारदा जात होते, आता दोनदा, त्यात कप एकदाच. संध्याकाळी सहानंतर खेळाडू पोरांची गर्दी असते, तासभर बसावं लागतं, सकाळी अकराच्या सुमारास जावं, निवांत बघतात. जाताना शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या, आणि बायकांनो, पुढून हुक असलेला ब्लाऊज घाला, काढता-घालताना हात मागे न्यावा लागत नाही.

हात मागे अजून कमरेच्या वर चार बोटंच जातो. मॅडम म्हणाल्या ते सगळ्यात शेवटी सुटतं, शुगर आटोक्यात ठेवा, अजून पाच-सहा महिने धरून चाला. एचबीएवनसी ७.२ वर आलंय. मागचा हुक अजून पोरगीच लावते.